भाजल्या कोंबडीचा गृहप्रवेश

इसवी सन १८६७ ते १८७० या तीन वर्षांत मुंबईहून कलकत्त्यास निघालेल्या उतारूच्या वाट्याला मोठा चमत्कारिक प्रवास येत असे. मुंबईची आगगाडी १८६७ च्या फेब्रुवारीत नागपूरपर्यंत येऊन पोचली होती. तिकडून अलाहाबादची आगगाडी त्याच वर्षी जबलपुरास येऊन थांबली. मधला सुमारे २७० किलोमीटरांचा टप्पा मात्र घोड्यांच्या डाकगाडीने, सिवनीच्या रानातून काढावा लागे. धुळीने माखलेला, हाडे खिळखिळी झालेला हा उतारू वाटेतल्या डाक बंगल्यात उतरला, की पांढऱ्या दाढीचा खानसामा सलाम करून उभा राही. जेवायला काय मिळेल, या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले असे : हुजूर म्हणतील ते. हुजुरांनी मग मटण म्हणावे, मासळी म्हणावी; चौकशी अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबे. तेवढ्यात परसात पळापळ, फडफड आणि एक किंकाळी ऐकू येई. साहेब स्नान करून, कपडे बदलून मेजाशी येऊन बसेपर्यंत अंगणातली कोंबडी भाजून त्याच्या पुढ्यात आलेली असे. अशा कोंबडीला हिंदुस्थानातील इंग्रजांच्या बोलीत ‘आकस्मिक मृत्यू’ अशा अर्थाचे नाव पडले होते. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध कोशात या नावाची रीतसर नोंद आहे. कोशकारांना विनोदाचे वावडे नव्हते, हे यावरून दिसते.

अख्खी कोंबडी, तिच्या पोटात लिंबू, कातडीखाली लोणी व वासाचा पाला, आणि ती भाजण्यासाठी घरातलीच भट्टी, हा प्रकार आज जबलपुरातल्या, नागपुरातल्या किंवा पुण्यातल्या एखाद्या घरी रविवारी सहज होऊन जातो. तो साहेबाबरोबर विलायतेहून आला, असे समजून आपण मोकळे होतो. ही समजूत निम्मीच खरी आहे. कोंबडी इथली, लिंबू इथले, भाजण्याची युक्तीही बऱ्याच अंशी इथली. खरोखर नवी गोष्ट एकच आहे, आणि ती म्हणजे ‘घरी’ हा शब्द. कारण गेल्या दोन-तीन शतकांत ही कोंबडी इथे भाजली जात होती ती बहुतेक सगळीकडे घराच्या बाहेर.

प्रथम पक्ष्याची हकीकत पाहू. जबलपूरच्या दक्षिणेस व आग्नेयेस मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत सालवृक्षांची दाट अरण्ये आहेत. तेथे लाल रानकोंबडा आढळतो. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे सातपुड्याच्या डोंगरांत सागाचे राज्य सुरू होते, आणि त्याबरोबर राखी रानकोंबडाही. दोन जातींच्या सरहद्दी या मध्यप्रदेशात एकमेकींना भिडतात. कॅप्टन जेम्स फोरसाइथ या अधिकाऱ्याने १८६२ साली पचमढीच्या पठारावर आपला बंगला बांधला. त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हा ग्रंथ १८७१ साली निघाला. पचमढीखाली देनवा नदीच्या खोऱ्यात सालवनाचा एक तुटक तुकडा आहे. मुख्य सालवनापासून दूर पडलेल्या या बेटात पूर्वेकडचा बारशिंगा आणि लाल रानकोंबडाही नेमके हजर आहेत, ही गोष्ट फोरसाइथच्या नजरेतून सुटली नाही. महसुलाची जमाबंदी करता करता असे निरीक्षण करणारा अधिकारी विरळाच.

आपली पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्यापासून झाली, हे चार्ल्स डार्विनने ओळखले होते. तथापि ती माणसाळली कोठे, याविषयी आपला अंदाज बदलत गेला आहे. सिंधू संस्कृतीच्या नगरांत सापडलेल्या हाडांवरून पुष्कळ काळ हा मान भारताला दिला जाई. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अनुवंशशास्त्रीय अभ्यासाने म्यानमार, उत्तर थायलंड व नैऋत्य चीन या भागातील उपजातीकडे बोट दाखविले. २०२२ साली हाडांच्या फेरतपासणीने ही घटना साडेतीन हजार वर्षांच्या आसपास, भाताच्या शेतीच्या सोबतीने घडली असावी, असे सुचविले. म्हणजे मूळ मान आपल्याकडून गेला. पण एक लहानसा मान मात्र राहिला आहे, आणि प्रस्तुत विषयाशी त्याचा फार जवळचा संबंध आहे. लाल रानकोंबड्याची कातडी पांढरी असते. कित्येक पाळीव कोंबड्यांची मात्र पिवळी. हा पिवळेपणा आला कोठून, याचा शोध २००८ साली लागला. तो राखी रानकोंबड्याकडून आला आहे. राखी रानकोंबडा हा केवळ भारताचा, विशेषतः दक्षिण व मध्य भारताचा रहिवासी. जगातील कोणत्याही भटारखान्यात पिवळ्या कातडीची कोंबडी भाजली जाते, तेव्हा त्या कातडीचा रंग सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या रानातून गेलेला असतो. सोनेरी कातडी हेच भाजलेल्या कोंबडीचे अर्धे वैभव आहे, हे लक्षात घेता हा वाटा लहान म्हणता येणार नाही.

लिंबाचा प्रवासही याच वाटेने झाला. लिंबूवर्गीय फळांचे मूळस्थान आसाम, उत्तर म्यानमार आणि चीनचा युन्नान प्रांत यांना जोडणाऱ्या हिमालयाच्या पायथ्याशी असावे, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. म्हणजे कोंबडीचे माहेर आणि लिंबाचे माहेर जवळपास एकच. युरोपातले पिवळे लेमन हा महाळुंग आणि आंबट नारिंग यांचा संकर होय. आणि त्याचे नावही फारशी-अरबी मार्गाने आपल्या निंबू-लिंबू या कुळातूनच तिकडे गेले आहे. दोघेही पश्चिमेकडे गेले, तेथे एकत्र आले, आणि हजारो मैलांचा फेरा घालून साहेबाच्या मेजावर परदेशी पदार्थ म्हणून परत आले. माहेरच्या माणसांनी त्यांना ओळखले नाही, यात नवल ते काय!

पण मधल्या काळात ती दोघे इथे एकमेकांना अगदीच अनोळखी होती असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त मांसाचे तुकडे सळईला टोचून निखाऱ्यावर भाजण्याची रीत आहे, हिंग, सैंधव, आले आणि आंबट रस यांचा उपयोग आहे. मराठीचे काही सर्वांत जुने पद्य नमुने ज्या ग्रंथात सापडतात, त्याच ग्रंथात हे प्रकरण आहे, ही गोष्ट मराठी माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या अखेरीस माळव्याचा सुलतान गियासुद्दीन याने मांडूच्या गडावर ‘नि’मतनामा’ हा पाकग्रंथ लिहविण्यास आरंभ केला. त्याचा मुलगा नासिरुद्दीन याच्या कारकिर्दीत तो पुरा झाला. मांडूच्या कड्यावरून दूर जी नर्मदा दिसते, तीच जबलपूरजवळ भेडाघाटच्या संगमरवरी खडकांतून वाहते. या ग्रंथात भाजलेल्या मांसाचे आणि पक्ष्यांचे नाना प्रकार आहेत, आणि त्यांत लिंबाचा रस पुन्हा पुन्हा येतो. त्याच्या जोडीला कापूर आणि गुलाबपाणीही असते. सुलतानाची रुची आजच्या जिभेला मानवेलच असे नाही. परंतु आंबट रस, सुवास आणि भाजलेला पक्षी यांची सांगड नर्मदेच्या खोऱ्यात साहेब येण्यापूर्वी तीनशे वर्षे घातली गेली होती, एवढे निश्चित.

राणी दुर्गावतीचे गढा हे ठाणे आजच्या जबलपूर शहराचाच एक भाग आहे. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान याच्याशी लढताना राणीने देह ठेवला. ज्या बादशहाच्या फौजेने गढ्याचे राज्य बुडविले, त्याच्या मुदपाकखान्याची यादी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त दिली आहे. तीत ‘मुसम्मन’ नावाचा प्रकार आहे : मानेच्या वाटेने कोंबडीची सर्व हाडे काढावयाची, पक्षी बाहेरून अख्खा दिसला पाहिजे, मग अर्धा शेर खिमा, अर्धा शेर तूप, पाच अंडी, कांदा, धने, आले, मिरी, केशर. हे काम करणारा आचारी काय तयारीचा असेल, याची कल्पना घरी एकदा प्रयत्न करून पाहिल्यावाचून येणार नाही. गढ्याच्या गोंड प्रजेची रीत याच्या अगदी उलट होती. गोंडांच्या देवकार्यात कोंबड्याचा बळी हा नित्याचा विधी. रानात, देवाच्या ठिकाणी, उघड्या विस्तवावर पक्षी भाजावयाचा, मीठ लावावयाचे आणि तेथेच वाटून खावयाचा. एकीकडे शाही मुदपाकखाना, दुसरीकडे रानातला देव. दोहोंच्या मध्ये कुठेही सामान्य गृहस्थाचे स्वयंपाकघर नाही.

सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरात ती का नव्हती, याची कारणे दोन. एक धर्माचे. मनुस्मृतीने द्विजांना ग्रामकुक्कुट निषिद्ध ठरविला आहे. गावात हिंडून काहीही टिपणारा पक्षी तो अशुद्ध. रानकोंबड्याला स्मृतिकारांनी तशी बंदी केली नाही, हा भेद मोठा सूचक आहे. या निषेधाची छाया ज्यांना मांस वर्ज्य नव्हते अशा कित्येक मराठी घरांवरही पडलेली होती. मटण-कोंबडी शिजे ती परसातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. पुष्कळदा शिजविणारे हात पुरुषांचे असत. देवघराजवळच्या चुलीला तिचा वास लागता कामा नये. खंडोबाच्या, म्हसोबाच्या जत्रेत कोंबडे कापले गेले, तरी ते शिजे तीन दगडांच्या चुलीवर, माळावर.

दुसरे कारण अर्थशास्त्राचे, आणि ते अधिक बलवत्तर आहे. एका कोंबडीचा रस्सा केला तर दहा-बारा माणसे भाकरी बुडवून जेवतात. तीच कोंबडी अख्खी भाजली तर चार माणसांत संपते, आणि भाकरीला लावायला काही उरत नाही. पाहुणा आल्यावर कोंबडे कापणाऱ्या घराला हा हिशेब शिकविण्याची गरज नव्हती. शिवाय गावठी कोंबडे पाच-सहा महिने उंडारून वाढलेले. त्याच्या तंगड्या रश्शात तासभर शिजल्या तरच दाताखाली नमतात. अख्खी कोंबडी भाजणे ही आपल्याकडे केवळ न सुचलेली गोष्ट नव्हती. ती न परवडणारी गोष्ट होती.

साहेबाला ती का परवडली? इथेही कारण चैनीचे नसून सोयीचे होते. जबलपुरावर १७८१ पासून मराठ्यांचा अंमल होता. प्रथम सागरकर मराठ्यांचा, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. १८१७ च्या डिसेंबरात ते इंग्रजांच्या हाती पडले आणि थोड्याच वर्षांत तेथे छावणी उभी राहिली. छावणीतल्या उन्हाळ्यात कापलेले मांस संध्याकाळपर्यंत टिकत नसे. मेंढरू मारावे तर एका बिऱ्हाडाला ते संपविणे अशक्य. म्हणून लहान ठाण्यांतले अधिकारी ‘मटन क्लब’ काढून एक मेंढरू आपसांत वाटून घेत. आज खांदा कोणाचा, पुढल्या खेपेस मांडी कोणाची, यावरून त्या क्लबांत रुसवेफुगवे होत असल्यास नवल नाही. कोंबडीच्या बाबतीत ही अडचण नव्हती. एक पक्षी म्हणजे एक जेवण. बर्फ नाही, शीतकपाट नाही, अशा काळात जिवंत कोंबडी हेच मांस साठविण्याचे सर्वांत खात्रीचे साधन होते. डाक बंगल्यातला ‘आकस्मिक मृत्यू’ याच गरजेतून जन्मला.

आता भाजण्याच्या कलेकडे वळू. अख्ख्या पक्ष्याची मुख्य अडचण अशी, की त्यात दोन स्वभावांची मांसे एकत्र असतात. छातीचे मांस लवकर शिजते आणि लगेच कोरडे पडते. मांडीचे मांस सावकाश शिजते. एकाच आगीवर दोघांना एकाच वेळी तयार करावयाचे, म्हणजे एकत्र कुटुंबात दोन भावांचे एकमत करण्याइतकेच अवघड. विलायतेत याला दोन उपाय होते : आगीसमोर सतत फिरणारा गज, किंवा चारी बाजूंनी सारखी उष्णता देणारी बंद भट्टी. पोटात घातलेले लिंबू येथे उपयोगी पडते. तापल्यावर त्याची वाफ आतून मांसाला ओलावा देते. कातडीखाली सरकविलेले लोणी छातीला जपते. वासाच्या पाल्यातले तेल त्या लोण्यात उतरते आणि मांसात मुरते. बाहेरून मात्र कातडी कोरडीच हवी, नाही तर ती खरपूस न होता उकडली जाते.

जबलपूरच्या बंगल्यातील बावर्चीजवळ यांतले काय होते? बावर्चीखाना बंगल्यापासून काही पावलांवर, नोकरांच्या खोल्यांच्या रांगेत. धुराचा आणि वासाचा उपद्रव साहेबाला होऊ नये म्हणून ही योजना. आत मातीच्या ओट्यावर तीन-चार चुली, कोळसा, लाकूड, दोन देगच्या. भट्टी नाही. तेव्हा तो देगचीत तूप तापवून त्यात कोंबडी चोहोकडून लाल करी, पाण्याचा हबका मारी, झाकण घाली आणि झाकणावर जळते निखारे ठेवी. खालची आग कमी, वरची अधिक. मधून मधून झाकण काढून सुटलेले तूप वरून सोडावयाचे आणि पक्षी फिरवावयाचा. एवढ्याने भट्टीचे बहुतेक काम साधते. पुढे रॉकेलचे पत्र्याचे डबे सर्वत्र झाले, तेव्हा रिकाम्या डब्याला आडवे करून, खाली-वर निखारे घालून त्याचीही भट्टी करण्यात आली.

ही युक्ती विलायती नव्हे. ‘दम’ देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. जॉन ओव्हिंग्टन हा पाद्री १६८९ साली सुरतेच्या वखारीत होता. वखारीच्या मेजासाठी इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदी असे तीन आचारी नेमलेले होते, असे तो सांगतो. बेदाणे आणि बदाम भरून, लहान भांड्यात लोण्यावर दम दिलेल्या कोंबडीचे वर्णन त्याने केले आहे. गजावर भाजताना मांसाच्या तुकड्यांमध्ये वासाचा पाला खोचीत आणि वरून तेल व लसूण लावीत, हेही त्याने टिपून ठेवले आहे. साहेब आपली ‘रोस्ट’ घेऊन आला त्याआधीच ती शिजविण्याची निम्मी विद्या त्याच्या चाकराजवळ होती.

पाल्याच्या बाबतीतही असेच झाले. थाइम, रोझमेरी, सेज या वनस्पती छावणीच्या बागेत थंडीत तग धरीत, उन्हाळ्यात जळून जात. त्यांच्या ऐवजी हाताशी होता तो पुदिना, कोथिंबीर, पानओवा. थाइमला जो वास येतो तो थायमॉल या द्रव्याचा. आणि आपल्या ओव्यातही तेच द्रव्य भरपूर असते. बावर्चीला रसायनशास्त्र शिकविलेले नव्हते, पण त्याच्या नाकाने हे नाते ओळखले असल्यास आश्चर्य मानण्याचे कारण नाही. लिंबू मात्र कागदीच. पातळ सालीचे, अधिक आंबट. पुढे नागपूरकडची संत्री या प्रदेशात सर्वत्र झाली. त्यांची कलमे भोसल्यांनी औरंगाबादेहून आणविली, असे सांगितले जाते.

अव्वल इंग्रजी अमदानीच्या उत्तरकाळात या पाककलेवर पुस्तके निघाली. कर्नल केनी-हर्बर्ट याचे मद्रासकडील पुस्तक १८७८ चे. पंजाबात राहिलेल्या फ्लोरा ॲनी स्टील आणि ग्रेस गार्डिनर या दोन बाईंनी गृहव्यवस्थेवर लिहिलेला जाडजूड ग्रंथ त्यानंतर दहा-बारा वर्षांनी आला आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. या पुस्तकांत कोंबडी आहे, लिंबू आहे, लोणी आहे. आणि चाकराचा आळस, त्याची अस्वच्छता, त्याची हिशेबातली हातचलाखी यांच्यावर लांबलचक व्याख्याने आहेत. ज्याने चाळीस पावलांवरच्या धुरकट खोलीत, घड्याळावाचून आणि उष्णतामापकावाचून, केवळ निखाऱ्यांच्या रंगावरून पक्षी बरोबर वेळी उतरविला, त्याचे नाव त्यांत नाही. पदार्थ लिहिणाऱ्याच्या नावावर जमा झाला. सरकारी दप्तरातही मसुदा करणाऱ्याचे नाव राहत नाही, सही करणाऱ्याचे राहते. तेव्हा याची तक्रार कोणापाशी करावी?

१८७० च्या मार्चमध्ये मुंबईची आगगाडी जबलपुरास पोचली आणि दोन रेल्वे कंपन्या तेथे एकमेकींस मिळाल्या. डाक बंगल्याचे महत्त्व गेले, फलाटावरच्या भोजनगृहाचे आले. शहरात रेल्वेच्या अँग्लो-इंडियन कुटुंबांची वस्ती झाली. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला आणि तीत भर पडली. या कुटुंबांना साहेबाएवढे चाकर ठेवणे परवडत नसे. क्वार्टरच्या मागच्या बाजूस जोडूनच स्वयंपाकघर, आणि नाताळची कोंबडी पुष्कळदा घरधनीण स्वतःच भाजी. देगची तीच, निखारे तेच. जबलपुरात अख्खी कोंबडी खऱ्या अर्थाने घरात भाजली गेली असेल तर ती बहुधा प्रथम या छोट्या क्वार्टरांतून. ज्यांना ना साहेब आपले म्हणत ना इथला समाज, त्यांच्या घरात या पदार्थाला पहिले घर मिळाले.

मराठी घरांतही ‘खाली-वर विस्तव’ ही गोष्ट मुळीच परकी नव्हती. कोकणात तवशाचे धोंडस याच रीतीने भाजतात. मुंबईच्या पाठारे प्रभूंचे भानोले हे तर खाली-वर निखाऱ्यांचेच लेकरू. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र’ हे हजार पाकक्रियांचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. त्यात आपल्या पदार्थांच्या शेजारी इंग्रजी पद्धतीचे पदार्थही निःसंकोचपणे बसविले आहेत. साहेबाच्या पुस्तकातली बाई चाकराला हुकूम देते. लक्ष्मीबाईंची वाचक स्वतः पदर खोचून चुलीशी बसते. हा फरक लहान नाही. युक्ती घरात होती, साहित्य बाजारात होते. अडले होते ते सोवळ्याच्या रेषेपाशी आणि पैशापाशी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नागपूरचे उच्च न्यायालय मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय म्हणून जबलपुरास आले. नागपूरचे मुख्य न्यायाधीश हिदायतुल्ला हेच तेथील पहिले मुख्य न्यायाधीश झाले. न्यायालयाबरोबर वकील आले, कारकून आले, त्यांची मराठी बिऱ्हाडे आली. भोसल्यांच्या काळापासून तेथे राहिलेल्या जुन्या मराठी घरांच्या शेजारी ही नवी घरे वसली. साहेब गेला होता. त्याच्या सिव्हिल लाइन्सचे बंगले उभे होते. सुटा बावर्चीखाना पाहून एखाद्या सोवळ्या गृहिणीला समाधानच वाटले असेल. वर्ज्य पदार्थासाठी वेगळी चूल, आणि तीही घरापासून दूर! साहेबाने धुराच्या भयाने केलेली सोय आणि आपण विटाळाच्या भयाने केलेली सोय, दोन्ही एकाच नकाशावर बरोबर बसत होत्या.

दरम्यान कोंबडी दुसऱ्याच वाटेने गावात येत होती. फाळणीनंतर पेशावरकडून दिल्लीस आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी दर्यागंजात ‘मोती महल’ काढले आणि तंदूरमधील कोंबडी देशभर नेली. दही, लिंबू, मिरची. कातडी काढलेली, अंगावर चिरे पाडलेले, आणि सळईवर उभी टांगलेली. दोन मांसांच्या भांडणावर तंदूरने काढलेला हा तोडगा फारच सरस आहे. परंतु तंदूर हा खानावळीचा. तेव्हा कोंबडी पुन्हा घराबाहेरच राहिली. उलट बाहेर खाण्याची ती एक खूणच झाली. घरी शाकाहारी असलेला गृहस्थ बाहेर काय मागवितो, हे त्याच्या घरी कोणी विचारीत नसे.

घराचे दार उघडले ते तीन वस्तूंनी, आणि त्यांतली एकही धर्मचर्चेची नव्हती. पहिली गॅस. चूल, राख आणि निखारे गेले. ओटा उंच झाला. आणि ‘वेगळी चूल’ ही कल्पनाच अडचणीची झाली. दोन शेगड्यांच्या फ्लॅटमध्ये परस नसते. दुसरी वस्तू विजेची भट्टी. प्रथम आली ती गोल, ॲल्युमिनियमची, वर काचेचा डोळा असलेली. ती मुलांच्या वाढदिवसाचा केक आणि नानकटाई यांच्या निमित्ताने घरात शिरली. केकला कोणाचीच हरकत नव्हती. एकदा भट्टी घरात आली, की तिच्यात पुढे काय शिजेल यावर फार दिवस पहारा ठेवता येत नाही. तिसरी वस्तू म्हणजे कोंबडीच बदलली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली. पुढे पुणे हे या उद्योगाचे मोठे केंद्र झाले. सुमारे चाळीस दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन धरणारी ब्रॉयलर कोंबडी घरोघरी परवडू लागली. तिचे मांस कोवळे. दीड तासात भट्टीतून तयार. रश्शाचा जुना हिशेब तिने मोडला. चव मात्र तिने वाटेत कोठे तरी टाकली, अशी जुन्या खवय्यांची तक्रार असते, आणि ती अगदीच खोटी म्हणता येत नाही.

या तक्रारीला जबलपुरातूनच एक उत्तर निघाले आहे. तेथील पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ चे. २००९ पासून तेथे नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठ आहे. या संस्थेने ‘नर्मदानिधी’ नावाची कोंबडी तयार केली. तिच्यात चार आण्यांचा वाटा झाबुआच्या काळ्या मांसाच्या कडकनाथाचा, आणि बारा आणे ‘जबलपूर कलर’ या तेथेच सिद्ध केलेल्या जातीचा. खेड्यातल्या परसात, फारशी निगा न ठेवता ती वाढावी, हा तिचा हेतू. गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबांच्या हाती दोन पैसे यावेत, हे तिचे काम. ती ब्रॉयलरप्रमाणे घाईने वाढत नाही. हिंडून-फिरून, किडे-दाणे टिपून अंगाने घट्ट होते. अशा पक्ष्याला लिंबू आणि पाला भरून शहरातल्या उघड्या, कडक भट्टीत ठेवले तर छाती कोरडी पडते आणि तंगडी हटून बसते. तिला तुपावर लाल करून जड भांड्यात ठेवावे लागते, वर झाकण घालावे लागते, आणि मंद आग द्यावी लागते : खालून थोडी, वरून अधिक.